झडपांचं अंतर

बॉनेट हाताने धर, गुर्गेन, त्याची दांडी कधीच मोडली.
ही चेरीची फांदी लाव खाली,
माझ्या भावाने तासलेली.
किंमत ठरली ना? मग आता खोडी ऐक.
मी काही लपवणार नाही.
ओडझून गाव लहान आहे,
आणि तुझ्या दोन्ही मुली माझ्याच वर्गात बसतात.

खाली बिडाचा ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचं हेड.
चार सिलिंडर ओळीत उभे,
पण पेटतात ते ओळीने नाही.
एक, तीन, चार, दोन.
अरशाविर जेवताना टेबलावर बोटं वाजवायचा:
तर्जनी, अनामिका, करंगळी, मधलं.
सूप सांडायचं.

दोन धातू तापले की सारखे फुगत नाहीत.
मध्ये एक गॅस्केट, पातळशी,
सगळं भांडण तिच्या अंगावर.
तेलाच्या झाकणाखाली साय धरलेली दिसली
तर जिथे असशील तिथे थांब.
एकदा ती गेली, दोन आणि तीनच्या मध्ये,
सनाहिनच्या पुलावर, मागच्या सीटवर नवरी असताना.
नवरी चालत गेली चर्चपर्यंत,
बूट हातात घेऊन.

सकाळी साखळी खुळखुळेल.
तेल वर पोचलं की गप्प होते.
नाही झाली, तर तिला ताणून धरणारी पट्टी तुटलीय.
तेलाच्या ट्रेमध्ये तुकडे शोध,
आणि सगळे जुळेपर्यंत बोल्ट आवळू नकोस.

जुलैत, तांब्याच्या कारखान्यावरून चढताना
ती मध्येच बसकण मारेल.
टाकीत पेट्रोल असेल, प्लगला ठिणगी असेल,
आणि तरी काही नाही.
पंपातच पेट्रोलची वाफ झालेली असते.
ओलं फडकं ठेव पंपावर, एक सिगारेट ओढ, लांब जाऊन.
फडकं गाडीबरोबर देते आहे.
माझ्या लग्नातल्या टेबलक्लॉथचं आहे.
पुढचं विचारू नकोस.

घाट उतरून पुन्हा पाय दिलास की
मागे निळा धूर सुटेल.
लोक म्हणतील, इंजिन गेलं.
लोकांचं सोड.
झडपांच्या रबरी टोप्या कडक झाल्यात,
त्या स्वस्त मिळतात.

हे हँडल.
अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, विळखा घालायचा नाही,
उलट फिरलं तर मनगट घेऊन जातं.
वीज नव्हती त्या हिवाळ्यांत
बॅटरी रात्री घरात असायची, एका बल्बसाठी.
तिच्या उजेडात मी वह्या तपासल्या,
भागाकाराच्या चुकांना लाल खुणा केल्या,
आणि सकाळी त्या मेलेल्या बॅटरीवर
तो हे हँडल मारत उभा असायचा,
बर्फात, माझ्या आईला ऐकू जाऊ नयेत अशा शिव्या देत.

बाकी काय?
कार्बोरेटरमध्ये कचरा येतो, फुंकर मारायची.
पॉइंटमधली फट काडेपेटीच्या पुठ्ठ्याएवढी.
पंख्याचा पट्टा नवा आहे,
मे महिन्यात त्यानेच घातला.

आणि चौथ्याची झडप.
थांब, सुरू करते. ऐक.
टिक्. टिक्. टिक्.
गार इंजिनावर पंधरा शतांश मिलिमीटर हवेत.
हिची फट जास्त आहे, आणि त्याने ती तशीच ठेवली.
म्हणायचा, वाजते ती झडप जिवंत,
गप्प बसते ती जळते.
मला ते आळशी माणसाचं शहाणपण वाटायचं.
पण तिसऱ्या वळणावरूनच मला ती कळायची,
दरीतल्या साऱ्या झिगुल्यांमधून एवढी एक.

ही आधी नीट कर.
फट मोजायची पट्टी समोरच्या खणात आहे.
आजच कर, गुर्गेन.
नाहीतर तू अंजिरं भरून वर येशील,
आणि मी इथे शेगडीवर
दोन कप कॉफी चढवीन.